‘ऑडिट’ : एका शब्दाची जन्मकथा



ऑडिट हा शब्द कचेरीत, शाळेत आणि ग्रामपंचायतीत नित्य कानी पडतो. तो उच्चारताच डोळ्यांपुढे येतात त्या खतावण्या, पावत्या आणि शेऱ्यांनी भरलेले कागद. मराठीत त्यास ‘लेखापरीक्षण’ म्हणतात. म्हणजे लिहिलेल्याची परीक्षा. परंतु मूळ शब्दाचा संबंध लेखनाशी नाही, श्रवणाशी आहे. लॅटिनमधील ‘आउदीरे’ या धातूचा अर्थ ‘ऐकणे’. त्यापासून ‘आउदितुस’, म्हणजे श्रवण, हे नाम बनले आणि पंधराव्या शतकात ते ‘ऑडिट’ या रूपाने इंग्रजीत रुळले. ऑडिटोरियम हा शब्दही याच धातूपासून आला.

हिशेब ऐकावयाचा कशासाठी? मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सरदारांच्या जमिनींचा कारभार पुष्कळदा गावातीलच एखादा शेतकरी पाहत असे. तो बहुधा निरक्षर असे. जमाखर्च तो स्मरणात आणि खाचा पाडलेल्या काठ्यांवर ठेवी. सप्टेंबरअखेर, संत मायकेलच्या सणाला, हिशेबाचे वर्ष संपे आणि त्यानंतर सरदाराचे तपासनीस येत. धान्य किती पिकले, बियाण्यास किती गेले, मेंढ्या किती दगावल्या, हे कारभाऱ्याने तोंडी सांगावयाचे. लेखनिकाने ते चर्मपत्रावर उतरवावयाचे. तपासनिसांनी ऐकून उलट प्रश्न करावयाचे. न पटलेला खर्च नामंजूर होई व तो कारभाऱ्याच्या अंगावर पडे. असा हिशेब ऐकणारा तो ‘ऑडिटर’.

पुढे साक्षरता वाढली आणि कानाचे काम डोळ्यांकडे आले. शब्द मात्र तोच राहिला.

त्या काळी ऐकण्याचा अधिकार जमीनमालकाचा होता, गावाचा नव्हता. लोकशाहीत पैसा जनतेचा. म्हणून हिशेब ऐकण्याचा अधिकारही जनतेचाच. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 151 नुसार महालेखापरीक्षकांचे अहवाल संसदेपुढे व विधानमंडळापुढे ठेवले जातात, ते याच तत्त्वाने. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमाच्या कलम 17 ने तर कामांचे सामाजिक लेखापरीक्षण ग्रामसभेकडे सोपवून हे श्रवण थेट गावाच्या पारावर आणले.

ज्यास वाचता येत नाही, त्यासही ऐकता येते आणि विचारताही येते. रस्त्यावर खडी किती पडली, हजेरीपटावरील माणसे खरोखर कामावर होती काय, हे शेजारच्या शेतकऱ्याइतके कोणास ठाऊक असणार? मात्र ग्रामसभेत आकडे घाईघाईने पुटपुटले गेले आणि ठरावावर अंगठे घेतले गेले, तर दप्तर पुरे होते, ऑडिट होत नाही. हिशेब ऐकू जाईल असा वाचणे आणि प्रश्नासाठी थांबणे, एवढे घडले तरच या शब्दाचा मूळ अर्थ सार्थ होईल.