पोफळीवरून पोफळीवर जाताना : आधी बांधा, मग सोडा

पावसाळा तोंडावर आला की सुपारीच्या बागायतदाराला काळजी लागते ती कोळे रोगाची. मेअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात एक टक्का बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी आणि पुढे ४० ते ४५ दिवसांनी दुसरी, हे आपल्याला पाठ आहे. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी, हे प्रमाणही आपण चुकवत नाही. पण औषधाची नळी घेऊन जो गडी १२-१५ मीटर उंच जातो, त्याच्या दोरीची चौकशी आपण कितीदा करतो? आज आपण पाहणार आहोत, की पोफळीवर चढलेल्या माणसानं खाली न उतरता शेजारच्या पोफळीवर कसं जावं, आणि केव्हा जाऊ नये.

आता तुम्ही म्हणाल, जाऊच नये, प्रत्येक झाडावरून खाली उतरावं. ऐकायला हे बरं वाटतं. पण हिशेब करून पाहा. १२ मीटर उंचीच्या ४० पोफळी एकेक करून चढायच्या म्हणजे ४८० मीटर चढण आणि तेवढीच उतरण. तेच एका चढणीत पाच झाडं उरकली तर आठच वेळा चढावं लागतं, म्हणजे ९६ मीटर. दमलेल्या पायांची पकड सुटते, म्हणून चढउतार वाचवणं हीही एक प्रकारची सुरक्षाच आहे. श्रीवर्धन, मुरुड, गुहागरच्या वाड्यांतून आणि गोव्याच्या कुळागरांतून आपली माणसं झाडाला झोका देऊन पलीकडचं झाड धरतात ती याचसाठी. ही कला मोठी आहे. तिच्यात उणीव एकच. एक झाड सुटलेलं आणि दुसरं नीट धरलेलं नाही, असा एक क्षण येतो, आणि माणूस पडतो तो त्याच क्षणी. हा क्षण काढून टाकायचा आहे. बाकी सगळं कसब तसंच राहू द्या.

त्यासाठी साहित्य काय लागतं? छाती, खांदे आणि मांड्या यांना धरणारा पूर्ण अंगाचा सुरक्षा पट्टा. नुसता कमरपट्टा पुरत नाही. पडताना सगळा झटका कमरेवर आणि कण्यावर येतो, किंवा माणूस त्यातून निसटतो. पट्ट्याला दोन आखूड दोऱ्या हव्यात, एक नव्हे. प्रत्येक दोरीच्या टोकाला आपोआप मिटणारी, सहज न उघडणारी लोखंडी कडी असावी. दोरी चढाईसाठी बनवलेली, नायलॉनची घ्यावी. पायात घालायचा काथ्याचा फास चालेल, पण अंगाचा भार काथ्यावर किंवा विहिरीच्या जुन्या दोरावर टाकू नये. बोर्डो मिश्रण अंगावर, दोरीवर उडतंच. काम संपलं की दोरी आणि पट्टा साध्या पाण्यानं धुवावा, सावलीत वाळवावा आणि उंदरांपासून जपून टांगावा. ज्या दोरीनं एकदा पडणाऱ्या माणसाचा झटका सोसला, ती वरून चांगली दिसली तरी कापून टाकावी. नाहीतर कुणीतरी ती पुन्हा कमरेला लावणारच.

चढण्याआधी रांग खालून बघून घ्यावी. कुठल्या झाडावर चढायचं, कुठून कुठे जायचं, कुठे उतरायचं, हे जमिनीवरच ठरवावं. जिच्या खोडाला नैर्ऋत्येच्या उन्हानं चट्टे पडून चिरा गेल्या आहेत ती पोफळ वरून हिरवी दिसली तरी तिथे कमकुवत असते, आणि वाऱ्यानं मोडते ती नेमकी तिथेच. सुताराने पोखरलेली, बुंध्याशी अळंबी उगवलेली, शेंडा बारीक होत गेलेली, हीही झाडं वर्ज्य समजावीत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीच्या बागा झोडपल्या गेल्या. त्या वादळात कललेल्या आणि तशाच वाढत राहिलेल्या पोफळी असतील तर त्या विशेष पाहाव्यात. अशा झाडांच्या खोडावर चुन्याची ठसठशीत फुली मारून ठेवावी. फुलीच्या झाडावर चढायचं नाही आणि त्याच्यावर दुसऱ्या झाडावरून जायचंही नाही. गांधीलमाशीचं पोळं, लाल मुंग्यांची घरटी आणि जवळून जाणारी विजेची तारही याच वेळी पाहून घ्यावी.

आता मुख्य कृती. ती क्रमानं अशी :

१. चढताना पहिली दोरी खोडाभोवती असू द्यावी आणि वर सरकवत न्यावी. वर पोचल्यावर ती खोडाला दोन वेढे देऊन आवळावी. पोफळीचं खोड गुळगुळीत असतं. सैल दोरी घसरत खाली येते, वेढे दिलेली दोरी भार आला की आवळते. दोरी घडांच्या खाली, टणक खोडावर बांधावी. विरीच्या हिरव्या भागावर कधीही नाही. विरी गळून पडते हे आपण रोज पाहतो.

२. कोयता कमरेच्या आकडीत नीट अडकवावा. औषधाची नळी मोकळी करून खालच्या माणसाकडे सोडावी. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना दोन्ही हात रिकामे हवेत.

३. शेजारची पोफळ आकडा लावलेल्या बांबूच्या काठीनं हळूहळू जवळ ओढावी. झेप घेऊ नये. सुपारीची शिफारस केलेली लागवड २.७ मीटरवर, म्हणजे नऊ फुटांवर असते. एवढ्या अंतरात सरळ, निरोगी झाड हाताशी येतं. ओढूनही येत नसेल तर हट्ट करू नये, खाली उतरावं. मधलं झाड मेलेलं असेल किंवा तिथे नवं रोप लावलेलं असेल, तिथे रांग तुटली असं समजावं.

४. झाड हाताशी आलं की दुसरी दोरी त्याला दोन वेढे देऊन बांधावी. आता माणूस दोन झाडांना बांधलेला आहे. दोरी ओढून, थोडा भार टाकून पाहावी.

५. मग एक हात, एक पाय, दुसरा हात, दुसरा पाय, असं पलीकडे जावं. पायांचा फास नव्या खोडावर बसला, मांड्यांची पकड आली, की मगच पहिली दोरी सोडावी. ती ताणलेली असताना सोडू नये. जुनं झाड हातानं धरून आधी दोरी सैल करावी, कडी काढावी आणि झाड हळूहळू मागे जाऊ द्यावं. वाकवलेली पोफळ एकदम सोडली तर ती चाबकासारखी मागे जाते आणि हातातलं झाडही हलवते.

चढणाऱ्यानं प्रत्येक वेळी मोठ्यानं सांगावं : "बांधलं." खालच्यानं बघून उत्तर द्यावं : "बांधलं." मगच वरच्यानं "सोडतो" म्हणावं. सुरुवातीला हे पोरखेळ वाटेल. पण चाळिसाव्या झाडावर, डोकं दमलेलं असताना, हाच शब्द आठवण देतो.

ही रीत पोफळीची. माडाला ती लावू नका. माड साडेसात मीटरवर असतात आणि त्यांचं खोड तसं वाकत नाही. श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर माडी काढणारे लोक माडामाडांमध्ये काथ्याचे दोन दोर बांधतात. खालच्यावर चालतात, वरचा हातानं धरतात. पण तो पिढीजात धंदा आहे, त्याची नक्कल करू नये. शिवाय दोर जितका ताठ, तितका त्यावरचा ताण जास्त. साडेसात मीटरच्या दोरावर मधोमध ६० किलोचा माणूस उभा राहिला आणि दोर जेमतेम ३७ सेंटीमीटर खाली आला, तर दोन्ही टोकांना सुमारे ३०० किलोचा ओढा बसतो. एक मीटर झोळ असेल तर तोच ओढा सुमारे ११६ किलोवर येतो. ताठ दोर भक्कम दिसतो, पण तुटण्याच्या जवळ तोच असतो.

केव्हा जाऊ नये, तेही सांगतो. वारा सुटला की जाऊ नये. पाऊस थांबल्याबरोबर जाऊ नये. दुसऱ्या फवारणीच्या वेळी खोडावर शेवाळ असतं, म्हणून चांगली उघडीप मिळून खोड सुकेपर्यंत थांबावं. घडाचं नुकसान पुढच्या वर्षी भरून निघेल. एकटा माणूस बागेत असेल तर मुळीच जाऊ नये. पट्ट्याला लटकलेला माणूस वाचला असं आपण समजतो, पण पाय लोंबत राहिले तर रक्त खाली साचतं आणि काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. त्याला लवकर उतरवायला खाली शिडी आणि दुसरा चढणारा हवाच. कुणी पडलाच तर हातापायांना धरून उचलू नये. मान आणि पाठ सरळ ठेवून फळीवर घ्यावं आणि १०८ क्रमांकाला फोन करावा.

शेवटी बागायतदार बंधूंना एक सांगणं. पट्टा आणि दोऱ्या चढणाऱ्यानं आणायच्या, ही समजूत सोडून द्या. झाडं तुमची आहेत, तेव्हा साहित्यही बागेचंच असावं, जसा पंप बागेचा असतो. शेतकऱ्यांसाठी २०२३ पासून गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबासाठी आहे. मजुरीनं चढणाऱ्या गड्याच्या नावावर जमीन नसेल, तर त्याच्या घरच्यांना तिचा आधार मिळेलच असं नाही. म्हणून त्याचा अपघात विमा मोसमाआधी उतरवा. चढणारी माणसं आधीच कमी होत चालली आहेत. जी आहेत, त्यांची पोरं उद्या बापाचा धंदा शिकतील की नाही, हे बाप संध्याकाळी धडधाकट घरी येतो की नाही, यावरच ठरणार आहे.

तेव्हा एवढं ध्यानात ठेवा : फुलीच्या झाडाला हात नाही, ओल्या खोडाला पाय नाही, आणि नवं झाड बांधल्याशिवाय जुनं सोडायचं नाही.