माफी कोनाले, कोनाच्या शब्दावर?

(धारणीच्या मेळाव्यात संघटनेच्या वतीने केलेले भाषण)



राज्यपालाच्या माफीची गोष्ट आपल्याले कशाले पायजे, असं मघा एका बाबांनी विचारलं. प्रश्न बरोबर हाये. म्हणून आधी एक जुनी केस सांगतो.

1959 मध्ये मुंबईत नौदलाचे कमांडर नानावटी यांनी प्रेम आहुजाला गोळ्या घालून मारलं. 11 मार्च 1960 ला हायकोर्टाने जन्मठेप दिली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी घटनेच्या कलम 161 खाली शिक्षा थांबवली. नानावटी नौदलाच्याच ताब्यात राहिले. अपील आमच्यापुढे असताना राज्यपालाला हे करता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने सप्टेंबरात बजावलं. 1961 ला जन्मठेप कायम झाली. तरी 1964 ला, विजयालक्ष्मी पंडित राज्यपाल असताना, माफी मिळालीच.

एका दिवसात कागद निघाला! याच राज्यपालपदाला घटनेच्या पाचव्या अनुसूचीने धारणी-चिखलदऱ्यासाठी अधिकार दिला हाये. आदिवासीची जमीन दुसऱ्याच्या घशात जाऊ नये म्हणून नियम करता येतो. ती लेखणी आपल्यासाठी कधी एका दिवसात चालली? अकोट-तेल्हाऱ्याकडची आपली गावं तर त्या अनुसूचीतही नाहीत.

राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच सही करतात, हे 1980 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं. म्हणजे माफीची वाट मंत्र्याच्या दारातून जाते. उद्या बांधाच्या भांडणात आपला माणूस मारला गेला, अन् मारणाऱ्याची ओळख मुंबईपर्यंत असली, तर?

आम्ही दयेच्या विरोधात नाही. कोर्ट चुकतं, गरिबाले वकील भेटत नाही, म्हणून दयेची वाट पायजेच. पण ती वाट सगळ्यांसाठी एकच असावी. म्हणून आमच्या मागण्या:

1. केस कोर्टात चालू असताना राज्यपालाने हात घालू नये.
2. माफीची कारणं लेखी द्यावी, जाहीर करावी.
3. मेलेल्याच्या घरच्यांना आधी विचारावं.
4. अमरावती-अकोल्याच्या जेलातल्या निरक्षर कैद्याचा अर्ज जेलने लिहून घ्यावा, कोरकू बोलणाऱ्याला दुभाषा द्यावा, अन् ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावं.

बाबा, म्हणून ही गोष्ट आपली हाये. दया मेहरबानी झाली की ती ओळखीवाल्यालेच भेटते. या मागण्या गावोगाव वाचा, अंगठे-सह्या घ्या. निवेदन घेऊन आपण सारे मिळून कलेक्टर कचेरीवर जाऊ.

जिंदाबाद!