रक्ताची कैफियत



आषाढी वारीत ज्ञानोबारायांची पालखी आळंदीहून दिघीमार्गे ज्या रस्त्याने या विश्रांतवाडीत येते, त्या रस्त्याच्या कडेला एका वर्षी उभारलेल्या आरोग्यतपासणीच्या मंडपात, डोक्यावरचे तुळशीवृंदावन अलगद खाली ठेवून, कनवटीची मशेरीची डबी सावरीत माझ्यासमोर बसलेली साठीच्या घरातली एक माउली आज मला प्रकर्षाने आठवते. छातीत दुखते का, या प्रश्नाला तिने नकारार्थी मान हलविली. जबडा जड झाला आहे, पाठ भरून येते, चार पावलांत दम लागतो, "पित्त उसळलं असंल, बाई," एवढीच तिची जबानी. तिला जिथे पाठविले, तिथे रक्तातील ट्रोपोनिन हे हृदयस्नायूचे प्रथिन लिटरमागे २२ नॅनोग्रॅम भरले. कागदावरची मर्यादा ३४ होती, म्हणून पित्ताच्या गोळ्या देऊन तिची रवानगी झाली. वस्तुतः ३४ हे त्या चाचणीत पुरुषांसाठी मुकरर केलेले माप. स्त्रियांचे माप १६, कारण त्यांच्या हृदयाचा स्नायू लहान आणि निरोगी अवस्थेतही त्यांच्या रक्तात हे प्रथिन कमी. काही तासांनी दुसरा नमुना घेतला असता तरी चढता आकडा बोलला असता. तोही कोणी घेतला नाही. तिसऱ्या दिवशी हृदयविकाराच्या झटक्याचे निदान झाले. माउली वाचली, पण हृदयाचा जो भाग गेला, तो गेला.

दुसऱ्याच्या मापाने आपले शरीर मोजल्याने काय घडते, हे जगाला शिकविण्याचा मान पुण्याकडे आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या अर्भकांचा जो अभ्यास चालविला, त्यात असे आढळले की इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या सुमारे साडेतीन किलोच्या बाळापुढे आमचे बाळ जेमतेम २.७ किलोचे, पण त्या चिमुकल्या देहातील चरबी मात्र त्या मानाने फारशी उणी नाही. आणि त्या मातांपैकी बहुसंख्य जणींच्या रक्तात जीवनसत्त्व बी-१२ कमी, आणि त्यापायी काहींचे होमोसिस्टीनही चढलेले. पुढे २००४ साली याज्ञिकांनी आपले इंग्रज सहकारी युडकिन यांच्यासह स्वतःचेच छायाचित्र 'लॅन्सेट'मध्ये छापले: उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु चरबी एकाची ९.१ टक्के व दुसऱ्याची, अर्थात आपल्या पुणेकराची, २१.२ टक्के! काट्यावर हलका दिसणारा मनुष्य आतून भारलेला असू शकतो, हे यापेक्षा स्वच्छ कोणी सांगितल्याचे मला ठाऊक नाही.

त्याच वर्षी बावन्न देशांतील पाहणीने दाखविले की हृदयविकाराचा पहिला झटका स्त्रियांना पुरुषांहून सरासरी नऊ वर्षे उशिरा येतो, मात्र रक्तदाब व मधुमेह त्यांच्या हृदयाला अधिक जाचतात. या उशिरालाच आपण अभयपत्र समजलो, ही माझ्या पिढीची चूक होय. उपकारक मानलेले एचडीएल कोलेस्टेरॉल पुरुषात ४० च्या खाली गेले तर कमी म्हणावयाचे, स्त्रीत ५० च्या खाली. कंबरेच्या घेराची मर्यादा आपल्याकडे पुरुषाला ९० सेंटिमीटर, स्त्रीला ८०. आणि गरोदरपणी वाढलेला रक्तदाब किंवा साखर बाळंतपणाबरोबर विस्मृतीत जात असली, तरी पुढील वीस-तीस वर्षे त्या स्त्रीच्या हृदयाच्या दप्तरी त्याची नोंद कायम असते. मशेरीला तर आपण तंबाखूत गणतच नाही. दात घासण्याच्या नावाखाली ती घरोघर सुखेनैव नांदते.

परिचर्या व प्रयोगशाळाशास्त्राच्या स्नातकहो, उद्या तुमच्या मेजावर रक्ताची नळी येईल, तेव्हा ती स्त्रीची की पुरुषाची हे पाहिल्याखेरीज अहवालावर सही करू नका. आणि गरोदरपणी रक्तदाब वाढला होता का, मशेरी लावता का, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून कोणत्याही माउलीला पित्ताच्या गोळ्या देऊन घरी पाठवू नका.