कन्हानचे पाणी आणि सुखनौकांचा प्रवास



सौंसर तालुक्यातील कन्हान नदीतून प्रवासी जहाज जाईल असे कोणी म्हटले, तर रामाकोन्याचे लोक हसतील, आणि त्यांचे हसणे योग्यच होय. पावसाळ्यात दुथडी भरणारी ही नदी उन्हाळ्यात वाळूतून वाट काढीत जाते. परंतु जाम आणि पेंच यांना पोटात घेऊन हेच पाणी पुढे अंभोरा येथे वैनगंगेस मिळते, आणि तेथे गोसीखुर्द धरणाचा विस्तीर्ण जलाशय पसरला आहे. या जलाशयावर जलपर्यटन वाढविण्याची महाराष्ट्र शासनाची योजना आहे. म्हणूनच हा विषय सौंसरकरांना वाटतो तितका परका नाही.

आज ज्या नौकांतून धनिक मंडळी विहार करतात, त्यांचा वंश मालवाहू आहे. केरळातील केट्टुवळ्ळम ही मूळची भात वाहणारी नौका. तिच्या फळ्या खिळ्यांनी नव्हे, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असतात. रस्ते झाले, मालमोटारी आल्या आणि या नौका ओस पडल्या. पुढे त्यांवरच खोल्या उभारून पर्यटकांना बोलावण्यात आले. फ्रान्समध्ये 1681 साली खुल्या झालेल्या मिदी कालव्याची कथाही अशीच आहे. गंगेवरील ‘गंगा विलास’ मात्र प्रवाशांसाठीच बांधलेली नौका. 13 जानेवारी 2023 रोजी ती वाराणसीहून निघाली आणि बांगलादेशमार्गे सुमारे 3,200 किलोमीटर अंतर कापून दिब्रुगडला पोहोचली. तिच्यात प्रवासी अवघे 36 मावतात!

विदर्भाच्या नद्यांवरही एकदा असा प्रयत्न झाला होता, तोही कापसासाठी. वर्धा, वैनगंगा व प्राणहिता यांच्या प्रवाहाने कापूस गोदावरीत आणि तेथून समुद्रापर्यंत न्यावा, असा इंग्रजी राजवटीचा बेत होता. वाटेत खडकाळ धावत्या पाण्याचे तीन मोठे अडथळे होते. ते टाळण्यासाठी कालव्यांची कामे काढली गेली. पण 1867 मध्ये आगगाडी नागपूरला आली आणि 1871 मध्ये ही कामे थांबविण्यात आली. पुढे 2016 च्या कायद्याने वैनगंगा-प्राणहिता हा मार्ग राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत आला खरा. परंतु यादीत नाव आल्याने नदीचे पाणी वाढत नाही. नौकेला बारमाही खोल आणि संथ पाणी लागते. या भागात ते धरणामागेच मिळते.

आणि धरणामागचे पाणी कोणाच्या तरी शेतावर, घरावर उभे असते. गोसीखुर्दसाठी भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील गावे उठली. त्याच पाण्यावर ढिवर बांधवांची जाळी पडतात. अंभोऱ्याचा मोठा पूल 2024 मध्ये खुला झाला. त्याआधी पलीकडे जाण्यास नावाड्याचा आधार होता. नौकाविहाराची कामे देताना या माणसांना पहिला मान हवा, आणि तो केवळ वल्ही मारण्यापुरता नसावा. परवान्यात आणि मिळकतीतही त्यांचा वाटा असावा.

दुसरी गोष्ट पाण्याच्या शुद्धतेची. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीवाटे कन्हानमध्ये येते आणि तेथून जलाशयात उतरते. सौंसरचे पाणी जेथे विसावते, तेथेच ही घाणही येऊन थांबते. केरळच्या वेंबनाड सरोवरात तर नौकांच्याच सांडपाण्याने चिंता निर्माण केली आहे. तेव्हा नौकेवरील मैल्याची टाकी कोणत्या काठावर, कोणत्या यंत्रणेत रिकामी व्हावयाची, हे पहिली नौका पाण्यात उतरण्यापूर्वीच ठरले पाहिजे, आणि ते काठच्या ग्रामसभांपुढे ठरले पाहिजे.