तोंड येते तेव्हा



आम्ही कामगार चळवळीतले, डॉक्टर नव्हे. शाळाही सातवीपर्यंतच. तरी या विषयावर उभे आहोत, ते आमच्या युनियनच्या एका सभासदामुळे.

तो यंत्रमागावर कामाला होता. तंबाखूची सवय, तोंडाचा कॅन्सर झाला. किरणोपचार सुरू झाले आणि तिसऱ्या आठवड्यात तोंड आले. हे आपले उन्हाळ्यातले तोंड येणे नव्हे. गालाचे आतले अस्तर सोललेले, पेजेचा घोट घशाखाली उतरेना. बोलताही येईना, तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. अखेर दहा दिवस तो उपचाराला गेलाच नाही. असा खंड पडला की रोगाला सवड मिळते. वर्षभरात दुखणे उलटले आणि तो गेला. खंड नसता तर वाचला असता, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण त्याची रजा मिळवली आम्ही, गाडीभाड्याची वर्गणी जमवली आम्ही. तोंडासाठी काही उपाय आहे का, एवढे मात्र विचारले नाही.

उपाय आहे, आणि तो उजेडाचा आहे. किरण आणि औषधे भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. तोंडाचे अस्तरही सतत नवे होत असते, म्हणून तेही होरपळते. १९६७ साली बुडापेस्टच्या एंद्रे मेस्टर यांनी उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर सौम्य लेसर सोडला, तेव्हा केस लवकर उगवले. त्यातून ही विद्या निघाली. हा तांबडा उजेड भाजत नाही. पेशींना शक्ती पुरवणारा भाग तो शोषून घेतो, त्यामुळे दाह कमी होऊन जखम भरण्यास मदत होते, असे शास्त्रज्ञ मानतात.

आपल्याच देशात, मणिपालच्या संशोधकांनी २०१२ साली २२१ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. काहींच्या तोंडात खरा लेसर, बाकीच्यांना नुसता देखावा. कोणाला काय मिळाले हे रुग्णांना ठाऊक नव्हते. खरा लेसर मिळालेल्यांत तीव्र व्रण आणि वेदना कमी आढळल्या. २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनेही डोके व मानेच्या किरणोपचारात, व्रण होऊ नयेत म्हणून, याची शिफारस केली.

मात्र बाजारातला दिवा आणून घरी प्रयोग करू नका. उजेड किती आणि कोठे द्यायचा, गाठीच्या जागेचे काय, हे तज्ज्ञांनीच ठरवायचे.

आपण एवढेच करावे. घरात कोणाचे किरणोपचार ठरले, तर पहिल्याच दिवशी विचारावे, ‘डॉक्टर, तोंडासाठी लेसरची सोय आहे का?’ नसेल तर दहा जणांनी मिळून अर्ज द्यावा. अर्जाचा मसुदा आम्ही लिहून देऊ; ते काम आम्हांला येते.