हे हात शाळेतच तयार व्हावेत



आम्ही बँकेत कारकुनी करणारे, डॉक्टर नव्हे. तरीही बंद पडलेल्या हृदयाबद्दल बोलण्याचे धाडस करीत आहोत, त्याला कारण आहे. मागे एका मे महिन्यात आमच्या वस्तीत एका तरुणाला कूलरचा शॉक लागला. वर्धेच्या उन्हाळ्यात कूलर घरोघरी. पाणी भरताना बटण बंद करायचे किती जणांच्या लक्षात राहते? कोणीतरी मेन स्विच पाडला, एवढे शहाणपण सुचले. पुढे आम्ही वीस-पंचवीस जणांनी काय केले? तोंडावर पाणी मारले, तळपाय चोळले, एकाने कांदा हुंगवला. ऑटो येईपर्यंत पंधरा मिनिटे गेली. त्या गर्दीत आम्ही बी.ए. झालेले होतो, शिक्षक होते, कॉलेजची मुले होती. छातीवर हात ठेवणारा एकही नव्हता. पोरगा वाटेतच गेला.

नंतर एका डॉक्टरांनी समजावले. हृदय थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून धावते, पण आर्वी-आष्टीकडच्या खेड्यात ती चार मिनिटांत कशी पोचावी? तोवर जवळच्या माणसाचे हात हेच औषध. शॉक असेल तर आधी वीज बंद. हाक मारून, हलवून माणूस उठत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके देतो आहे, असे दिसले की १०८ ला फोन करावा आणि त्याला कडक जमिनीवर उताणे निजवावे. छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात, कोपरे ताठ. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायचे. दरवेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. थकलो तर दुसऱ्याने बसायचे. यालाच सी.पी.आर. म्हणतात. बुडालेल्याला मात्र तोंडाने श्वासही द्यावा लागतो. ते शिकल्याशिवाय जमत नाही.

डेन्मार्कने २००५ साली हे शिक्षण शाळांत कायद्याने आणले. बाराव्या वर्षापासून वर्षाला दोन तास द्यावेत, या आवाहनाला २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पाठिंबा दिला. आपल्या केंद्र शासनानेही ६ डिसेंबर २०२३ रोजी देशभर जागृतीची मोहीम काढली. त्या दिवशी आपण चैत्यभूमीवर नाहीतर विहारात असतो, त्यामुळे अनेकांना ती कळलीही नसेल! पण एका दिवसाची मोहीम वेगळी आणि वेळापत्रकातला तास वेगळा.

दप्तर आधीच जड आहे, असे म्हणतात. वर्षाला दोन तासांनी ते किती जड होणार? एका पालकांनी विचारले, मुलींनी परक्या पुरुषाच्या छातीला हात कसा लावायचा? स्पर्शाचा विटाळ काय असतो हे ज्या समाजाने सोसले, त्याने तरी हा प्रश्न विचारू नये.

आणि शिकवणारे कोठून आणायचे, हे निदान वर्धा जिल्ह्याने म्हणू नये. सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगीलाही आहे. नववीच्या प्रत्येक वर्गाला हे सक्तीचे करावे, असे निवेदन आम्ही शिक्षणाधिकाऱ्यांसाठी तयार केले आहे. बाहेर टेबलावर ठेवले आहे, जाताना सह्या कराव्यात.

आता समोरची सतरंजी मोकळी करावी. सरावासाठी दोन घट्ट उशा आणल्या आहेत. जिवंत माणसाच्या छातीवर सराव कोणीही करू नये. नववी-दहावीच्या मुला-मुलींनी आधी पुढे यावे.