पापळचे भाऊसाहेब आणि गावाचं राज्य

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं पापळ हे भाऊसाहेब, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुखांचं जन्मगाव. ते सदस्य असलेल्या संविधान सभेत लोकशाहीच्या दोन कल्पना समोरासमोर आल्या. गांधीविचाराच्या मंडळींना राज्याचा पाया गाव हवा होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी मात्र गावातल्या अज्ञानावर, संकुचितपणावर बोट ठेवलं आणि व्यक्तीलाच घटक मानलं. वेशीबाहेरचं जगणं त्यांना ठाऊक होतं. मला त्यांचं म्हणणं आजही पटतं. तरी पंचायतींसाठी कलम ४० आलं, १९९३मध्ये ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली. आता ग्रामसभेत सतरंजीच्या टोकाला बसलेली बाई उठून नळाचं विचारते आणि साऱ्यांची नजर ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या पेनाकडे जाते : लिहिलं का?